हनुवटीखाली व्हायोलिन, ओठांवर शीळ

अँड्र्यू बर्ड हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. शिकागोकडचा हा माणूस व्हायोलिन वाजवतो, गाणी स्वतः लिहितो, स्वतःच गातो आणि शीळ घालतो. शीळ म्हणजे नाक्यावरची नव्हे हो! इतकी स्वच्छ की पहिल्यांदा ऐकताना एखादं वाद्यच वाटावं. २०११ च्या 'द मपेट्स' चित्रपटातली शीळ त्याचीच.

त्याच्यावर सगळे 'इंडिपेंडंट' असा शिक्का मारतात. या शब्दाने जरा घोळच होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, कंपनीला लाथ मारून बाहेर पडलेला कुणी बंडखोर असणार. बर्डच्या गोष्टीत लाथबिथ काही नाही. आहे तो रियाज, आणि बरं चाललेलं काम सोडून देण्याची तयारी. मला विचाराल तर ही दुसरी गोष्ट जास्त अवघड.

चौथ्या वर्षी सुझुकी पद्धतीने त्याच्या हातात व्हायोलिन आलं. या पद्धतीत आधी कान तयार करतात, कागदावरचे सूर नंतर. म्हणजे आपल्या गुरुमुखी विद्येच्या बरंच जवळचं. १९९६ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून व्हायोलिनवादनाची पदवी घेतली. आता कुठल्यातरी ऑर्केस्ट्रात खुर्ची धरायची, असा सरळ रस्ता होता. त्याने त्याच वर्षी स्वतःच एक अल्बम काढला. मग 'बोल ऑफ फायर' नावाचा बँड जमवला आणि १९९८ ते २००१ या काळात तीन अल्बम केले. जुना जॅझ, स्विंग, असलं सगळं. जाणकारांनी पाठ थोपटली, गर्दी मात्र बेताचीच.

२००२ मध्ये शिकागोत 'द हँडसम फॅमिली' या जोडीच्या आधी वाजवायचं आमंत्रण आलं. नेमकी सोबतची गायिका येऊ शकत नव्हती. हा एकटाच गेला आणि लोकांना ते फार आवडलं. मग पश्चिम इलिनॉयमधल्या घरच्या शेतावर, तिथल्या जुन्या कोठारात जाऊन तो एकट्याने काम करत बसला. तिशीच्या उंबरठ्यावर, बांधलेला बँड बाजूला ठेवून! २००३ चा 'वेदर सिस्टिम्स' तिथून आला. आधीचे अल्बम ऐकून हा लावलात तर माणूस तोच आहे यावर विश्वास बसत नाही. सगळी घाई गेलेली, सुरांच्या मधे मोकळी जागा.

एकट्याने वाजवायचं म्हणजे काय करायचं, हा प्रश्न व्हायोलिनवाल्याला गिटारवाल्यापेक्षा जास्त छळतो. गिटार पोटाशी असते, तोंड मोकळं. पाश्चात्त्य पद्धतीत व्हायोलिन हनुवटीखाली दाबलेलं, गाणार कसं? (आपले वादक मांडी घालून बसतात, वाद्याचं टोक पावलावर टेकवतात, त्यांची हनुवटी तरी सुटते. पण आपल्याकडे व्हायोलिनने स्वतःच गावं अशी अपेक्षा. प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' आठवा.) बर्डने यावर पायाने चालणारं लूपचं यंत्र वापरलं. व्हायोलिन गिटारसारखं धरून बोटांनी चार तारा छेडायच्या, पायाने बटण दाबायचं. तो तुकडा फिरत राहतो. त्यावर गज ओढून दुसरा थर, त्यावर शीळ. मग हात आणि हनुवटी दोन्ही मोकळी, आता गा! गंमत अशी की हे सगळं लोकांसमोर घडतं. पहिला तुकडा किंचित जरी तालाबाहेर गेला तरी तो पुन्हा पुन्हा तसाच कानावर येणार.

आता घरातल्या वाचकांना कळलंच असेल मी हे आत्ता का लिहितेय :) आमच्या भाचीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे आणि तिला त्यानंतर दोन वर्षं फक्त व्हायोलिन आणि स्वतःची गाणी, एवढंच करायचं आहे. गेल्या महिन्यापासून फोनवर दुसरा विषय नाही. "हौस म्हणून ठेव की, नको कोण म्हणतंय?" असं मोठ्यांचं म्हणणं. "मला कुणाच्या हाताखाली काम करायचं नाही," असं तिचं.

मला दोघांचंही पटत नाही. कुणाच्याच हाताखाली नाही म्हणजे एकटं, असं बर्डच्या बाबतीतही नव्हतं. त्याचा २००५ चा अल्बम काढला तो अॅनी डिफ्रँको या गायिकेने उभ्या केलेल्या छोट्या कंपनीने. ज्या 'हँडसम फॅमिली'च्या आधी तो वाजवून आला, त्यांच्या गाण्यांचा अख्खा अल्बम त्याने २०१४ मध्ये केला. ही माणसं धरून ठेवावी लागतात. आणि शरीर? 'फीवर इयर' नावाचा माहितीपट त्याच्या सततच्या दौऱ्यांवर आहे. वर्षाच्या शेवटी हा तापाने फणफणलेला, कुबड्या घेऊन शिकागोत पोचतो. ताई, हे तिलाही दाखव.

पण हौस म्हणून ठेवून हे झालं नसतं, हेही तितकंच खरं. पहिल्या अल्बमनंतर तेरा वर्षांनी, २००९ मध्ये, 'नोबल बीस्ट' बिलबोर्डच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेला. २०१९ च्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. चोविसाव्या वर्षी कुणी हिशोब मागितला असता तर वहीत दाखवायला फार काही नसतं.

आणि एक गोष्ट त्याच्या गुणगानात पटकन निसटते. ते कोठार घरच्यांचं होतं. कुणीतरी त्याला ती जागा वापरू दिली. हुशारी तिच्यात आहे की नाही यावर आपण महिनाभर वाद घालतोय, तो आपल्या हातातला प्रश्नच नाही. जागेचा आहे.

गावच्या घराची मागची पडवी वर्षातले अकरा महिने बंदच असते. शेजारी लांब आहेत, कितीही वाजवलं तरी कुणी ओरडायला येणार नाही. विजेचं बिल मी भरेन. फक्त मागच्या बाजूची कौलं पावसाळ्याआधी शाकारून घ्यावी लागतील. मे महिन्यात कोण कोण येतंय, कळवा.