भट्टीपाशी उभ्या माणसाचा विमा

चाकण, महाळुंगे, निघोजे, भोसरी या पट्ट्यात कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या कामगाराला निदान हेल्मेट आणि बूट मिळतात. त्याच कामगाराला दुपारी जेवू घालणारा माणूस ओल्या फरशीवर, रबरी चपलेत, उकळत्या तेलाच्या कढईशेजारी उभा असतो. त्याचा हात भाजला, कणीक मळायच्या मशीनमध्ये बोटं गेली, तर भरपाई कोण देणार? हॉटेलमालक, खानावळवाले आणि कँटीनचे ठेकेदार यांच्याकडून या प्रश्नाला ठरावीक उत्तरं येतात. त्यातलं एकही टिकणारं नाही.

‘आमचा काय कारखाना आहे का?’ हे पहिलं उत्तर. हॉटेलच्या स्वयंपाकघरातला स्वयंपाक ही उत्पादन प्रक्रियाच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने राज्य कामगार विमा (ईएसआय) कायद्याखालच्या एका प्रकरणात १९९३ मध्ये सांगून टाकलं आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असला, की ईएसआय लागू होतो. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. पंधरा हजार पगाराच्या आचाऱ्यामागे मालकाला महिन्याला पाचशे रुपयेही पडत नाहीत. बदल्यात चिंचवडच्या मोहननगरच्या रुग्णालयात उपचार आणि कामावर जखमी होऊन घरी बसावं लागलं तर सरासरी मजुरीच्या ९० टक्के भत्ता. कामावरच्या अपघातासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी, अशी अटही नाही.

दहापेक्षा कमी माणसं असतील तर? ‘मग आम्ही सुटलो’ असं समजणारे पुष्कळ आहेत. ते सुटलेले नाहीत. त्यांच्यासाठी १९२३ चा नुकसानभरपाई कायदा होता. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. ‘विमा परवडत नाही’ हे दुसरं उत्तर इथेच कोसळतं. भरपाईची जबाबदारी कायद्याने आधीच मालकाच्या डोक्यावर आहे, विमा काढा अथवा न काढा. हिशेब करून बघा. २५ वर्षांचा, महिना १५,००० कमावणारा आचारी कामावर दगावला, तर पगाराच्या निम्मे म्हणजे ७,५०० गुणिले वयाच्या कोष्टकातला २१६.९१ हा आकडा: १६,२६,८२५ रुपये. महिनाभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. चाकणच्या तळेगाव चौकातलं आठ टेबलांचं हॉटेल ही रक्कम कुठल्या गल्ल्यातून काढणार? मालक घर विकेल, नाहीतर रातोरात शटर ओढून निघून जाईल, आणि दोन्ही वेळा मृताची बायको रिकाम्या हाताने बसेल. परवडत नाही म्हणणाऱ्यालाच विम्याची गरज सर्वांत जास्त आहे.

‘पोरं टिकत नाहीत. आज बिहारचा, उद्या नेपाळचा. विमा कुणाच्या नावाने काढायचा?’ ही अडचण खरी आहे, पण तिला तोड आहे. सर्वसाधारण विमा कंपन्यांची कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी नावांशिवायही मिळते. कामाचा प्रकार, माणसांची संख्या आणि वर्षाचा एकूण पगार यांवर हप्ता ठरतो. खरी मेख वेगळीच आहे. वहीत तीन माणसं, आत आठ. वहीत आठ हजार, हातात पंधरा. हप्ता वाचवायला केलेली ही लबाडी दाव्याच्या दिवशी मालकाच्याच गळ्याशी येते. दवाखान्याचा खर्च आणि ठेकेदाराची माणसं पॉलिसीत मुद्दाम घालून घ्यावी लागतात, आणि उशिराचा दंड मालकालाच भरावा लागतो, हेही सही करण्यापूर्वी वाचावं.

आता सगळ्यांत मनापासून दिलं जाणारं उत्तर. ‘आम्ही त्याला घरच्यासारखं बघतो. उचल देतो, दवाखान्याचं बिल भरतो, गावी जायला पैसे देतो.’ असे मालक या पट्ट्यात आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण हात गेलेल्या आचाऱ्याला पुढची तीस वर्षं काढायची असतात. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराचं अपंगत्व शंभर टक्के धरावं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिला. झारा धरणाऱ्याचं याहून वेगळं काय? मृत्यूची भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करायची असते, परस्पर दिलेले पैसे धरले जात नाहीत. हक्क सोडल्याचा कागद लिहून घेतला तरी तो रद्दबातल ठरतो. दूरच्या गावातल्या विधवेचा अंगठा पन्नास हजारांवर कसा उठवला जातो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं.

‘चूक त्याचीच होती’ हे तर बोलूच नये. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर कामगार प्यायला होता, त्याने नियम मोडला, या सबबीही चालत नाहीत. आणि चूक कुणाची? ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे पुण्यात कोंढव्यातल्या बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. दार बाहेरून बंद होतं. पुढच्याच डिसेंबरात मुंबईत साकीनाक्याच्या फरसाणाच्या दुकानात बारा गेले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबमधल्या २५ मृतांत बहुतेक तिथलेच कर्मचारी होते. खोलीभाडं वाचावं म्हणून चाकणमध्येही पोरं दुकानातच, सिलिंडरशेजारी झोपतात.

राहिला कंपन्यांचा हात झटकण्याचा प्रकार: ‘कँटीन ठेकेदाराचं, माणसं ठेकेदाराची.’ हैदराबादच्या रॉयल टॉकीजनेही हेच म्हटलं होतं. थिएटरच्या आवारातलं कँटीन आणि सायकल स्टँड ठेकेदाराचं असलं तरी ईएसआयसाठी मुख्य मालक थिएटरच, असं न्यायालयाने १९७८ मध्ये ठरवलं. पूर्वी २५० पेक्षा जास्त कामगार असले की कँटीन सक्तीचं होतं. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या नव्या संहितेने हा आकडा १०० वर आणला आहे, म्हणजे या पट्ट्यात कँटीनं वाढणार आणि ठेकेदारही.

मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागाकडे इथे खरी ताकद आहे. ताटाच्या दरावर दोन दोन रुपयांची घासाघीस होते, आणि तिथे वाचलेला पैसा ठेकेदार माणसांच्या विम्यातून काढतो. म्हणून निविदेत ताटाचा दर वेगळा आणि ईएसआय किंवा विम्याचा खर्च वेगळ्या रकान्यात मागावा, तो रकाना घासाघिशीबाहेर ठेवावा, आणि दर महिन्याचं बिल मंजूर करण्याआधी वर्गणीचं चलन किंवा चालू पॉलिसी स्वयंपाकघरातली डोकी मोजून ताडून पाहावी.