हिंदुरावांचा बंगला : मालक बदलले, नाव राहिले

दिल्लीत नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाला ‘हिंदू राव’ रुग्णालयाचे नाव सांगितले, तर हा कुणी उत्तरेकडील दानशूर गृहस्थ असावा, असे त्याला वाटते. नावाचे दोन तुकडे झाले आणि आतला मराठी माणूस हरवला. वास्तविक हे कागलकर हिंदुराव घाटगे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू आणि १७९८ मध्ये पुण्यातील धनिकांना पिळून काढणाऱ्या सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव.

घर मात्र त्यांनी बांधलेले नव्हे. ‘रिज’ या टेकडीवरील हा बंगला १८३० च्या सुमाराचा. तिथे कंपनी सरकारचा दिल्लीतील वरिष्ठ अधिकारी विल्यम फ्रेझर राहत असे. लोहारूच्या वारसाहक्काच्या वादात त्याने नवाब शमसुद्दीन अहमद खान याच्या सावत्र भावांची बाजू घेतली. मार्च १८३५ मध्ये एका संध्याकाळी घरी परतताना त्याच्यावर गोळी झाडण्यात आली आणि त्याच वर्षी नवाबाला फाशी झाली. (कवी दाग देहलवी हा या नवाबाचाच मुलगा.) वारसनोंदीपायी रक्त सांडते, हे महसूल खात्यात काम केलेल्यांना नव्याने सांगायला नको.

फ्रेझरच्या पश्चात बंगला हिंदुरावांनी विकत घेतला. बायजाबाईंना १८३३ मध्येच ग्वाल्हेर सोडावे लागले होते. घराबरोबर हिंदुरावांकडे अशोकस्तंभाचे तुकडेही आले. हा स्तंभ मूळ मेरठचा. फिरोजशहा तुघलकाने तो चौदाव्या शतकात दिल्लीत आणला आणि फर्रुखसियरच्या काळात दारूच्या कोठाराच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. हिंदुरावांनी ते कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीला देऊन टाकले. लेख कोरलेला भाग कापून तिकडे नेला गेला, १८६६ मध्ये तो परत आला आणि पुढच्या वर्षी स्तंभ पुन्हा उभा राहिला. खासगी मालकाने सार्वजनिक ठेवा आपखुशीने सोडल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत. मला हे दान त्यांच्या वडिलांच्या कीर्तीवरचा उतारा वाटतो.

हिंदुराव १८५५ मध्ये वारले. दोनच वर्षांनी हाच बंगला इंग्रजी फौजेचे आघाडीचे ठाणे झाला. तो लढवणाऱ्या सिरमूर पलटणीच्या ४९० जणांपैकी ३२७ जण मारले गेले किंवा जखमी झाले.

रुग्णालय १९११ मध्ये सुरू झाले, ते १६ खाटांनिशी. पुढे ते दिल्ली महापालिकेचे सर्वांत मोठे रुग्णालय बनले. २०१२ मध्ये महापालिकेचे त्रिभाजन होऊन ते उत्तर दिल्ली महापालिकेच्या वाट्याला गेले आणि मे २०२२ मध्ये एकीकरण होऊन पुन्हा एकसंध महापालिकेकडे आले. दहा वर्षांत दोनदा मालकी बदलली. त्यातच ऑक्टोबर २०२० मध्ये, ऐन महामारीत, निवासी डॉक्टरांना थकलेल्या पगारासाठी आंदोलन करावे लागले. महापालिका आणि दिल्ली सरकार तेव्हा एकमेकांकडे बोट दाखवत होते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात आश्चर्य वाटत नाही. त्रिभाजन नकाशावर झाले, उत्पन्नाचे झाले नाही. मालमत्ता कराचा सधन पाया दक्षिणेकडे राहिला आणि मोठ्या रुग्णालयाचा खर्च उत्तरेकडे आला. शिवाय इथे शहराबाहेरूनही रुग्ण येतात. ज्यांच्याकडून कर मिळत नाही, त्यांच्या उपचारांचा भार एकट्या महापालिकेने किती काळ सोसायचा? स्थानिक संस्थेकडून रुग्णालय काढून घेणे म्हणजे विकेंद्रीकरणाला हरताळ फासणे, असा आक्षेप येईल. तो मला मान्य नाही. दवाखाने, प्रसूतिगृहे, लसीकरण ही महापालिकेची कामे. शेकडो खाटांचे, वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले रुग्णालय ज्याच्या तिजोरीला पेलते, त्यानेच चालवावे. निदान वेतनासाठी तरी स्वतंत्र, राखीव अनुदान हवे.

हे होण्यास वर्षे लागतील. फलकाचे काम मात्र महिन्याभराचे आहे. ‘हिंदुराव घाटगे, कागल’ एवढी ओळ प्रवेशद्वारापाशी लावण्यासाठी दिल्लीतील मराठी मंडळींनी महापालिकेकडे अर्ज करावा. मसुदा करून देण्यास मी तयार आहे.