जुनी वंशावळ नव्या संगणकात नेताना

गेल्या पितृपक्षात कडेगावचे एक आण्णा भेटीला आले. पिशवीतून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला आणि पुढे पसरला. कागदावर चौकटी होत्या, चौकटींना जोडणाऱ्या रेघा होत्या आणि प्रत्येक चौकटीत नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे.

"ही आमच्या सात पिढ्यांची वंशावळ," आण्णा म्हणाले. "वळखतोय का बघा कोण."

बोलणे थट्टेचे होते, पण आवाज थट्टेचा नव्हता. 2006 च्या सुमारास आण्णांनी थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्कांना, शेजारी बसवून ही वंशावळ करून घेतली होती. आक्का सांगत आणि शाळेत जाणारा नातू संगणकावर नावे घाली. अशी साडेसहाशे नावे झाली. कोण कुणाला दत्तक गेला, कोणती लेक नेवरीला दिली, कोणती देवराष्ट्र्याला, कोण गलाईच्या धंद्याला दक्षिणेत गेला तो तिकडचाच झाला, हे सगळे त्यात होते. आता आक्का नाहीत. पूर्वी सुगीनंतर हेळवी यायचा, दारात उभा राहून घराण्याची नावे घडाघडा म्हणायचा. तोही आण्णांच्या दारी कैक वर्षांत आलेला नाही.

घडले ते असे. कोइमतूरला गलाईचे दुकान असलेला पुतण्या मोहरमला, ताबुतांच्या भेटीसाठी, गावी आला. येताना नवा लॅपटॉप घेऊन आला. जुन्या संगणकावरची वंशावळ त्याने पेनड्राइव्हवर घेतली, नव्या सॉफ्टवेअरमध्ये घातली, चौकटी दिसल्या तसा तो म्हणाला, "झालं काम," आणि परत गेला. नावे कुणी वाचलीच नाहीत. जुना पडदा भंगारात गेला. खालचा डबाही जायचा, पण भंगारवाल्याने भाव पाडून मागितला म्हणून आण्णा अडून बसले. त्या अडण्यामुळे सात पिढ्या वाचल्या, त्या कशा ते पुढे येईलच.

मुळात जुने चाललेले बदलायचे कशाला, असे कुणी विचारील. पण यंत्र म्हातारे होते आणि त्याची माहिती घेणारेही उरत नाहीत. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने 2014 साली हात झटकले, विंडोज 10 ला ऑक्टोबर 2025 मध्ये. वंशावळीच्या प्रोग्रॅमचेही तेच. पर्सनल अँसेस्ट्रल फाइल नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने काढला होता आणि तो जगभर वापरला जाई. तो 2013 साली बंद करण्यात आला. ज्यांच्या वंशावळी त्यात आहेत त्यांना आज ना उद्या घर बदलावेच लागणार. बदलताना घाई करू नये, एवढेच.

सर्वांत आधी जुन्या संगणकाला धक्का लावू नये. प्रोग्रॅम काढून टाकू नये, आणि "एकदा फॉरमॅट मारून देतो" असे दुकानदार म्हणाला तर त्याला हात जोडावेत. यंत्र अनेक वर्षे बंद असेल तर धूळ झटकून, इंटरनेटची तार न जोडता सुरू करावे. सुरू झाले की पहिले काम बॅकअप. वंशावळीची फाइल कोठे आहे हे ठाऊक नसेल तर प्रोग्रॅम उघडून 'सेव्ह ॲज' दाबावे, समोर येणाऱ्या खिडकीत जागा दिसते. ती जागा कागदावर उतरून घ्यावी. मग ती फाइल आणि फोटोंचे सगळे फोल्डर दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावे. एक घरात, एक भावकीत दुसऱ्या गावी. पेनड्राइव्ह कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून वंशावळ छापूनही ठेवावी. दहा-वीस कागद लागतील, लागू देत.

आणि एक आकडा लिहून ठेवावा. प्रोग्रॅम किती माणसे आणि किती कुटुंबे नोंदली आहेत ते सांगतो. पोती मोजल्याशिवाय आपण ट्रॅक्टर हलवत नाही, तसेच हे.

आता प्रश्नचिन्हांकडे वळू. वंशावळीचे सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीचे असो, एकमेकांत माहिती नेण्यासाठी सगळ्यांनी एक सामाईक भाषा मानली आहे. तिला गेडकॉम म्हणतात. जुना प्रोग्रॅम वंशावळ गेडकॉममध्ये बाहेर काढून देतो आणि नवा ती वाचून घेतो. ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, तिच्या नावाच्या शेवटी 'जीईडी' ही अक्षरे येतात. पण बाहेर काढताना प्रोग्रॅम बारीक अक्षरांत विचारतो की अक्षरे कोणत्या पद्धतीने लिहू. अँसी, अँसेल, यूटीएफ-8 असे पर्याय दिसतात. पहिल्या दोघांना देवनागरी येत नाही. जे अक्षर लिहिता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकून ते मोकळे होतात. मराठी नावांसाठी यूटीएफ-8 च निवडावे. पुतण्याने काही न पाहता 'ओके' दाबत नेले होते.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा, कारण पुष्कळ जण याच जागी नको ते करून बसतात. नावाच्या जागी प्रश्नचिन्हे आली तर त्या फाइलमधली नावे गेली. ती कोणत्याही उपायाने परत येत नाहीत, मूळ फाइलकडेच जावे लागते. पण नावाच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस, टोप्या, टिंबे अशी गिचमिड दिसली तर घाबरू नये. जुन्या काळी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असले फॉन्ट घालून मराठी टंकत. त्यात संगणकाच्या पोटात खरी देवनागरी नसतेच. इंग्रजी खुणांना मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो, माणूस मात्र शाबूत असतो. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात. डीटीपीचे काम करणाऱ्याला विचारले तर तो करून देईल. त्यालाही मूळ फाइल देऊ नये, नक्कल द्यावी. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात, त्या नंतर हाताने सुधाराव्या लागतात.

गेडकॉम नीट निघाली की नाही हे कळायला शिकलेलेच माणूस पाहिजे असे नाही. संगणकातल्या नोटपॅडमध्ये ती उघडावी. इंग्रजी खुणांमध्ये आपल्या आजोबांचे नाव स्वच्छ मराठीत वाचता आले की फाइल पुढे न्यायला योग्य. बघून झाल्यावर सेव्ह न करता बंद करावी.

नवे सॉफ्टवेअर ज्याने बनवले त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे, कुणी सीडीवर दिलेले चोरटे घेऊ नये. ग्रॅम्प्ससारखे फुकट आणि चांगलेही आहे. त्याच प्रोग्रॅमची नुसती नवी आवृत्ती घेत असाल तर आणखी सावध राहावे. नवी आवृत्ती जुनी फाइल उघडताना बहुधा तिचे रूपच बदलते, आणि मग जुन्या आवृत्तीत ती परत उघडत नाही. म्हणून नव्याच्या हाती नेहमी नक्कल द्यावी.

फोटो सहसा गेडकॉममध्ये जात नाहीत. फोटो कोणत्या फोल्डरात आहे एवढाच पत्ता जातो. फोल्डर सोबत नेला नाही तर आजीच्या जागी कोरी चौकट येते.

नवा प्रोग्रॅम हौशी असतो. तो विचारतो, सारख्या नावाची माणसे एकत्र करू का? इथे ठामपणे नाही म्हणावे. आपल्याकडे आजोबाचे नाव नातवाला ठेवतात. रामू बाबू, त्याचा बाबू रामू, त्याचा पुन्हा रामू बाबू. साहेबांच्या देशात बनलेल्या प्रोग्रॅमला वाटते एकच माणूस दोनदा लिहिला गेला. एकत्र केले की माणूस स्वतःचाच आजोबा होऊन बसतो, आणि मग गुंता सोडवता सोडवत नाही.

गावांच्या नावांतही तो असाच लुडबुड करतो. कडेगावच्याच माणसाचे पाहा. पणजोबाच्या कागदावर तालुका खानापूर, जिल्हा सातारा. 1949 नंतरच्या कागदावर जिल्हा दक्षिण सातारा. 1960 पासून सांगली. आणि पुढे कडेगाव स्वतःच तालुका झाला. गाव जागचे हलले नाही, पत्ता तीन वेळा बदलला. जुन्या नोंदी शोधायला त्या काळचाच पत्ता उपयोगी पडतो, म्हणून कागदावर आहे तसाच ठेवावा आणि आजचा पत्ता टिपेत लिहावा. तारखांचेही तसेच. "मानमोडीच्या साथीत वारला", "बहात्तरच्या दुष्काळात जन्म" असे लिहिलेले नवा प्रोग्रॅम कधी तारीख नव्हे म्हणून टिपेत ढकलतो, कधी गाळतो. टिपा सगळ्या आल्या का, हे म्हणूनच पाहायचे. घराण्याच्या खऱ्या गोष्टी टिपांतच असतात.

आणि पाहायचे ते वाचून. 2017 साली राज्यात सातबाऱ्याचे चावडी वाचन झाले, ते पुष्कळांना आठवत असेल. हाताने लिहिलेले उतारे संगणकात घालताना चुका झाल्या होत्या, म्हणून गावोगाव लोकांसमोर उतारे वाचून ते ताडून पाहिले गेले. सरकारला जे करावे लागले ते आपण घरात करायला लाजू नये. हेळवी तरी काय करतो? आधी जुनी नावे वाचून दाखवतो, मग नवी पोरे चढवतो.

आण्णांच्या नातवाने, तो आता नोकरीला आहे, दुकानातून जुना पडदा उसना आणून त्या डब्याला जोडला. आम्ही सांगितले तसे बॅकअप घेतले, यूटीएफ-8 निवडले, नोटपॅडमध्ये नावे पाहिली आणि मग लॅपटॉपवर घातली. आकडा जुळला. एका रविवारी भावकीतली जुनी माणसे सोप्यात जमली आणि नातवाने नावे वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पिढीत एका चुलतीने त्याला थांबवले.

"आरं, त्यो थोरलीचा न्हवं, धाकलीचा."

जुना छापील कागद काढून पाहिला. दोन लग्ने झालेल्या एका पणजोबाची चार मुले नव्या प्रोग्रॅमने पहिल्या बायकोच्या पदरात टाकली होती. आकडा बरोबर, माणसे चुकीच्या आईला. ती त्याच बैठकीत दुरुस्त झाली. शिवाय आक्कांनाही ठाऊक नसलेली दोन नावे त्या चुलतीने सांगितली, ती नवीन चढली.

एवढ्यावर कुणी म्हणेल की आता हीच वंशावळ कचेरीत देतो. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे वंशावळीला फार मागणी आली आहे. पण घरच्या संगणकात आहे म्हणून ती पुरावा ठरत नाही. तिथे शपथपत्र आणि शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद, फेरफार असले कागदच लागतात. घरची वंशावळ कोणत्या सालाच्या दप्तरात कुणाचे नाव शोधायचे तेवढे सांगते. आणि ती भावकीत पाठवताना हयात माणसांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, फोन गाळून पाठवावी. बहुतेक प्रोग्रॅममध्ये तशी सोय असते.

आण्णांनी डबा अजून भंगारात दिलेला नाही. वर्षभर नवे नीट चालल्याशिवाय देणार नाहीत. पुतण्याला कोइमतूरला फाइल गेली, आणि सोबत छापील प्रतही, प्रश्नचिन्हांशिवाय.