'गॅसलाइट'मधला नवरा मनोरुग्ण नव्हे!

'गॅसलाइट' (१९४४) या इंग्रजी चित्रपटातला ग्रेगरी अनेकांना मनोरुग्ण वाटतो. मला मात्र तसे वाटत नाही. त्याला बायकोच्या, म्हणजे पॉलाच्या दिवंगत मावशीची रत्ने हवी असतात. ती घरात निवांत शोधता यावीत म्हणून तो पॉलालाच वेडी ठरवू पाहतो. वस्तू स्वतः लपवतो आणि तिला विसराळू म्हणतो. तिला कुणात मिसळू देत नाही. हा आजार नाही, थंड डोक्याने केलेला हिशोब आहे. अशा माणसाला मनोरुग्ण म्हणणे हा खऱ्या रुग्णांवर अन्याय आहे.

खरी खचते ती पॉला. रोज रात्री दिवा मंद होतो, पण तिचा स्वतःच्या डोळ्यांवरच विश्वास उरत नाही. एक पोलीस अधिकारी तो दिवा आपल्यालाही मंद दिसतो असे सांगतो, तेव्हा ती सावरू लागते.

विसरणे थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा नैराश्यामुळेही वाढते, म्हणून तपासणी जरूर करा. पण 'तुला काही आठवत नाही' असे घरातली एकच व्यक्ती सतत ऐकवत असेल, तर डॉक्टरांशी एकट्याने बोला. तुमचे म्हणणे आम्हाला तुमच्याच तोंडून ऐकायचे असते.