माशांच्या घरातला दिवा

दिवाळी अंकात दिव्यांविषयी लिहायचे म्हटले की पणत्या आणि आकाशकंदील डोळ्यांपुढे येतात. मी लिहिणार आहे ते पाण्यावर टांगायच्या दिव्याविषयी. नांदेड-लातुराकडच्या पुष्कळ घरांतून हल्ली माशांची काचपेटी असते, आणि तीत प्लॅस्टिकच्या झुडपांऐवजी खऱ्या पाणवनस्पती वाढवाव्यात अशी हौसही असते. ही हौस स्वस्तात भागते. फक्त दिवा बेताचा घ्यावा लागतो.

मी नांदेडला शिकवतो. थोरली बहीण लातूरला दिली आहे. तिच्या मुलीने २ फूट लांब आणि १ फूट रुंद-उंच अशी पेटी आणली. दुकानदाराने तिच्यासाठी खास वनस्पतींचा म्हणून एक रंगीबेरंगी दिवा सुचवला. किंमत काही हजार. दाजींनी ‘मामांना विचार’ म्हणून हात झटकले. अक्काची हरकत निराळीच. ती फोनवर म्हणाली, ‘‘दिव्याचं राहू दे रे. पाणी किती लागणार ते आधी सांग. उन्हाळ्यात लागलं तर ती पेटी मी देऊन टाकणार.’’

लातूरच्या गृहिणीने हे विचारावे यात नवल नाही. मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते दिवस त्या घराने बादल्या मोजून काढले आहेत. आणि गंमत अशी, की अक्काच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे दिव्यातच आहे.

वनस्पतीला उजेड लागतो, तसा कार्बन डायऑक्साइडही लागतो. खर्चिक हौशी मंडळी त्याचे सिलिंडर पेटीला जोडतात. आपल्या साध्या पेटीत तो मिळतो माशांच्या श्वासातून, कुजणाऱ्या गाळातून आणि थोडासा हवेतून. तव्याखाली जाळ कितीही केला, तरी परातीत पीठ असेल तेवढ्याच भाकऱ्या होणार. उरलेला जाळ भाकरी करपवणार. पेटीत हे करपवण्याचे काम शेवाळ करते. काच हिरवी होते, पानांवर केसासारखे तंतू चढतात आणि मालक दर आठवड्याला निम्मे पाणी उपसत बसतो. भाचीच्या पेटीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. निम्मे म्हणजे दोन बादल्या. बेताच्या उजेडात मात्र वनस्पती सावकाश वाढतात, माशांच्या घाणीतून होणारे नायट्रेट शोषून घेतात, आणि मासे थोडे ठेवले तर पंधरवड्याला एका बादलीवर भागते.

आता बेताचा म्हणजे किती? बल्बच्या खोक्यावर ल्युमेनचा आकडा छापलेला असतो. साध्या पेटीला लिटरमागे १० ते २० ल्युमेन पुरतात. ९ वॅटचा घरगुती एलईडी बल्ब सुमारे ९०० ल्युमेन देतो. भागाकार वाचकांनीच करावा. किंमत शंभर-दीडशे रुपये. बल्बचा उजेड मधोमध पडून कोपरे अंधारात राहतात, म्हणून २ फुटी पेटीला तेवढ्याच लांबीची १० वॅटची एलईडी पट्टी अधिक बरी. रोज ७ तास लावली तरी महिन्याला जेमतेम २ युनिट वीज जाते.

‘‘पण मामा, साध्या दिव्यात झाडांना हवे ते रंग असतात का?’’ भाचीने विचारले. असतात. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळाच प्रकाश असतो. त्यावरच्या पिवळट लेपामुळे तो पांढरा दिसतो. हा निळा दिवा साधण्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. झाडांना लागतो तो निळा आणि थोडा तांबडा, दोन्ही त्या पांढऱ्या उजेडात आहेत. खोक्यावर ‘६५०० के’ किंवा ‘कूल डेलाइट’ पाहून घ्यावे. पिवळ्या दिव्यातही झाडे जगतात, पण पाणी शिळ्या चहासारखे दिसते.

झाडेही दिव्याला साजेशी हवीत. वॅलिसनेरियाला आमच्याकडचे बोअरचे जड पाणी मानवते. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात उपड्या नरसाळ्याखाली कोंडतात ती हायड्रिला तर हटकून वाढते. जावा मॉस आणि अनुबियास यांना सावलीच प्रिय. लाल पानांच्या झाडांच्या मोहात मात्र पडू नये. त्यांची भूक मोठी.

पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. दिवा आणि पाणी यांच्यामध्ये काचेचे झाकण असावे, आणि वायर प्लगच्या खाली झोळासारखी लोंबू द्यावी, म्हणजे ओघळलेले थेंब प्लगपर्यंत चढत नाहीत. पोरांच्या खोलीत हे विशेष पाहावे.

एक टायमर तेवढा घ्यावा. आरंभी ६ तास, आणि शेवाळ न दिसल्यास पंधरा दिवसांनी अर्धा तास वाढवावा. दिसले तर मुकाट्याने कमी करावा. भाचीने सध्या साडेसहावर थांबवले आहे. बदललेल्या पाण्याची बादली अक्का जास्वंदीला घालते, आणि पंधरवडा भरला की, ‘‘आज पाणी नाही का काढायचं?’’ म्हणून स्वतःच विचारते.