गॅलरीतून खाली उतरा

परवा चिखलीच्या बाजारात डोंबाऱ्याची पोट्टी दोरीवर चढली. सात-आठ वर्षांची. खाली बाप ढोलकं बडवत होता. मी टाळ्या पिटल्या, नाणं फेकलं नि चालता झालो. रात्री काफ्काची ‘गॅलरीत’ ही गोष्ट पुन्हा वाचली नि स्वतःचीच लाज वाटली.

दोस्तांनो, जर्मन साहित्यात सर्कसवाल्यांना मोठी जागा आहे. गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’मध्ये (१७९५-९६) दोरीवरच्या खेळवाल्यांच्या टोळीतली मिन्यॉन आहे. नाचायला नाही म्हणाली म्हणून मालक तिला झोडतो. नायक पैसे मोजून तिला सोडवतो. पुढं ती त्याच्यावर जीव टाकते नि मरते. काफ्काच्या गोष्टीत गॅलरीतला एक पोरगा आहे. चाबकाखाली घोड्यावर फिरणारी क्षयी बाई दिसली असती, तर तो ‘थांबा!’ म्हणून धावला असता. पण दिसतो नुसता झगमगाट. मग तो कठड्यावर डोकं टेकून रडतो, नि आपण रडतोय हे त्याला कळतही नाही.

हे मोठं साहित्य आहे, नाकारत नाही. पण लिहिणारा गॅलरीत बसलाय. रिंगणातली बाई मुकीच.

आपल्याकडं तरी काय? भारतीय सर्कशीचा इतिहास १८८० पासून, विष्णुपंत छत्र्यांपासून सांगतात. त्याआधी पिढ्यान् पिढ्या दोरीवर चाललेल्या डोंबारी-कोल्हाट्यांची नावं कुणी टिपली? लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ (१९८०) आलं, किशोर शांताबाई काळ्यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) आलं, तेव्हा पालातला नि फडातला माणूस स्वतः बोलला.

२०११ साली सुप्रीम कोर्टानं सर्कशीत पोरं राबवायला बंदी केली. बाजारातली दोरी तशीच ताणलेली! त्या पोट्टीचं नाव कुठल्या शाळेच्या हजेरीत आहे? बापाकडं जातीचा दाखला आहे? भटक्यांकडं १९६१ चा पुरावा मागतात. ज्याचं पाल दर आठवड्याला उठतं त्यानं तो कायले जपून ठेवला असंल?

आपण वेशीबाहेरचे. तरी परवा मी गॅलरीतच होतो. म्हणून सांगतो, रडू नका, नाणंही फेकू नका. पालावर जा. बापासोबत शाळेत जाऊन नाव घाला. दाखल्यासाठी तहसीलवर धडका.

पोट्टी लिहायला शिकली की आपली गोष्ट आपणच लिहील. आम्ही ती छापू. एक अक्षर न कापता.

जय भीम!