क्रीडासंस्थांचे दुसरे फाटक

पुण्यातील जिमखाने, तरणतलाव आणि क्रीडासंकुले यांचा कारभार गेल्या पंधरा-वीस वर्षांत खिडकीवरून पडद्यावर गेला आहे. उन्हाळी शिबिराची नोंदणी, पोहण्याच्या वेळेचे आरक्षण, बॅडमिंटनचे कोर्ट, स्पर्धेचा प्रवेशअर्ज, निवडचाचणीची तारीख, हे सारे आता अनेक ठिकाणी संस्थेच्या संकेतस्थळावर किंवा फोनवरच उरकले जाते. २०२३ साली गहुंजे येथे विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचे पाच सामने झाले, तेव्हा त्यांच्या तिकिटांची विक्रीही मुख्यतः इंटरनेटवरूनच झाली. रांगा गेल्या, वशिलेबाजी कमी झाली, हिशेब चोख झाला, असे पदाधिकारी समाधानाने सांगतात, आणि त्यात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्याला पडदा दिसत नाही, ज्याचा हात माउसवर स्थिर राहत नाही, ज्याला ध्वनिचित्रफितीतील आवाज ऐकू येत नाही, त्याच्यापुढे मैदानाच्या फाटकाआधी आणखी एक फाटक उभे राहिले आहे. ते त्याच्यासाठी बंद आहे, याची वार्ता आत बसलेल्यांना सहसा नसते.

अंध माणूस संगणक वापरतो कसा, हे ठाऊक नसल्यामुळे या प्रश्नाची बरीचशी उपेक्षा होते. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली त्याच्या संगणकात असते. त्यांपैकी एनव्हीडीए नावाची आज्ञावली ऑस्ट्रेलियातील दोघा अंध तरुणांनी २००६ पासून विकसित केली असून ती विनामूल्य मिळते. ती मराठीही वाचते. म्हणजे वाचणारा तयार आहे. प्रश्न उरतो तो मजकूर वाचण्याजोगा ठेवण्याचा. ‘प्रवेश सुरू’ असे सुंदर रंगीत चित्र संकेतस्थळावर लावले आणि त्या चित्रामागे दोन ओळींचे वर्णन लिहिले नाही, तर आज्ञावली केवळ ‘चित्र’ एवढेच उच्चारते. स्पर्धेचे नियम कागदावर छापून, त्या कागदाचे छायाचित्र काढून चढवले, तर तीही मूक राहते. अर्जाच्या रकान्यांना नावे नसतील, तर कोणता रकाना जन्मतारखेचा आणि कोणता भ्रमणध्वनीचा, हे कळत नाही. रिकाम्या वेळा हिरव्या आणि भरलेल्या लाल, एवढाच भेद ठेवला, तर रंगांध माणूसही अडतो. वेडीवाकडी अक्षरे ओळखून आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करा, ही अट तर अंधाच्या बाबतीत क्रूर विनोदच ठरते.

मराठीची आणखी एक विशेष अडचण आहे. युनिकोड सर्वत्र रुजण्यापूर्वीच्या टंकांत अक्षरलेखन करण्याची सवय आपल्या कार्यालयांतून आणि छापखान्यांतून अद्याप गेलेली नाही. त्या टंकातील परिपत्रक डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, पण वाचक आज्ञावलीला ते रोमन अक्षरांचे निरर्थक कडबोळे असते. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम ज्या सी-डॅकने केले ती संस्था याच शहरात आहे. तेव्हा या शहरातील परिपत्रके तरी वाचक आज्ञावलीला समजावीत, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. पुणेरी पाटीची टवाळी पुष्कळ झाली. पण ती पाटी कितीही उद्धट असली तरी शेजारच्या माणसाकडून वाचून घेता येत असे. रात्री बारा वाजता सुरू होऊन दहा मिनिटांत भरणाऱ्या आरक्षणासाठी शेजारी कोठून आणावा?

अपंगांची संकेतस्थळाकडून असलेली अपेक्षा केवळ वाचता येण्यापुरतीही नाही. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्याला तलावापर्यंत उतार आहे काय, कपडे बदलण्याच्या खोलीचे दार पुरेसे रुंद आहे काय, स्वच्छतागृह वापरता येईल काय, हे घरून निघण्यापूर्वी कळले पाहिजे. कोथरूडहून बालेवाडीला रिक्षा करून जायचे आणि तीन पायऱ्या पाहून परतायचे, हा खर्च कोणाच्याही ताळेबंदात लिहिला जात नाही.

यावर संस्थाचालकांचे उत्तर बहुधा खर्चाचे असते. ते नवे नाही. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या संयोजकांनी तेच दिले होते. ब्रूस मॅग्वायर या जन्मांध नागरिकाने १९९९ मध्ये तेथील मानवी हक्क व समान संधी आयोगाकडे तक्रार केली. तिकिटांची पुस्तिका ब्रेलमध्ये नाही आणि स्पर्धेचे संकेतस्थळ आपल्या यंत्राला वाचता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. एका माणसाला रोज आठ तास राबवले तरी दुरुस्तीला ३६८ दिवस लागतील आणि सुमारे २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च येईल, असा हिशेब संयोजकांनी मांडला. तज्ज्ञांनी तो तपासून सांगितले की, लहानशा गटाला चार आठवडे पुरेत. आयोगाने संयोजकांचा बचाव फेटाळला आणि १५ सप्टेंबरपूर्वी दुरुस्ती करण्यास फर्मावले. ती पुरती झाली नाही. स्पर्धा आटोपल्यावर नोव्हेंबरमध्ये वीस हजार डॉलर नुकसानभरपाई द्यावी लागली. संकेतस्थळाविषयीचा जगातील हा अगदी आरंभीचा खटला, आणि तो क्रीडाक्षेत्रातलाच होता.

या प्रकरणात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावी अशी गोष्ट म्हणजे खर्चाचा आकडा नव्हे, तर त्याचा काळ. इमारत बांधताना जिन्याशेजारी उतार घालायला थोडे सिमेंट लागते. बांधून झाल्यावर भिंत फोडावी लागते. संकेतस्थळाचेही तसेच आहे. कंत्राट देतानाच अट घातली, तर वाढीव खर्च नगण्य असतो. अट घालायची नाही, आणि मग दुरुस्ती परवडत नाही म्हणून हात वर करायचे, हा आपणच निर्माण केलेल्या टंचाईचा आधार घेण्याचा प्रकार झाला.

‘आमच्याकडे असे सभासद येतच नाहीत,’ हा दुसरा युक्तिवाद अधिक फसवा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्या क्रीडासंस्थांत दिसत नाहीत, यावरून त्यांना खेळ नको आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे दार लावून घेऊन गिऱ्हाईक नाही असे म्हणणे होय. बाजारात मागणी नोंदली जाते ती दुकानापर्यंत पोहोचलेल्यांची. मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले आणि पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झालेला हा जवान तलावात उतरला तो लष्करी रुग्णालयातील उपचारांच्या वाटेने. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली. मधली शेहेचाळीस वर्षे कशी गेली याचा जाब कोणी कोणाला विचारावा? २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत रौप्यपदक मिळवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंध महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक भारतीय संघाने जिंकला. ही माणसे सत्काराच्या व्यासपीठावर सर्वांना हवी असतात. त्यांच्यामागून येणाऱ्या मुलीला शिबिराचा अर्ज स्वतः भरता येतो काय, हे मात्र कोणी पाहत नाही.

कायद्याचे बळ नाही असेही नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील तिसावे कलम क्रीडाविषयक सहभागाचे आहे आणि बेचाळिसावे माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेचे. खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत सोसायटी आणि विश्वस्त निधीही येतात, म्हणजे नोंदणीकृत जिमखानाही येतो. पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेविषयीचा पंधरावा नियम अधिनियमाशी विसंगत ठरवला. कायद्याने जे बंधनकारक केले, ते नियमाने ऐच्छिक शिफारशीवर आणून ठेवले होते, हे त्याचे कारण. बंधनकारक नियम तीन महिन्यांत करावेत, असा आदेशही न्यायालयाने दिला. ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या निकालात संगणकीय सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. (सरकारने मध्यंतरी ‘अपंग’ शब्द टाकून ‘दिव्यांग’ शब्द रूढ केला. शब्द बदलायला खर्च येत नाही, म्हणून तो तत्परतेने बदलला गेला.)

तथापि न्यायालयाच्या निकालाने पुण्यातील एकाही तलावाचा अर्ज आपोआप वाचनीय होणार नाही. येथे सार्वजनिक मालकीचा प्रश्न येतो. नेहरू स्टेडियम, सणस मैदान, महापालिकेचे तरणतलाव ही नागरिकांच्या पैशांतून उभी राहिलेली मालमत्ता आहे. बालेवाडीचे संकुल राज्य शासनाने १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने उभारले. यांतील काही वास्तूंचा कारभार ठेकेदारांकडे किंवा संस्थांकडे दिला जातो. करारात भाडे, पाण्याची शुद्धता, जीवरक्षकांची संख्या या अटी असतात. त्यांतच आणखी एक अट घालता येईल: नोंदणीची प्रत्येक पायरी वाचक आज्ञावलीने आणि केवळ कळफलकाने पार पाडता आली पाहिजे, आणि तशी खातरजमा अपंग व्यक्तींकडूनच करून घेतली पाहिजे. त्यांच्या या कामाचे वेतनही दिले पाहिजे. ते समाजसेवा म्हणून फुकट मागू नये.

कसबा पेठेतील तालमीला किंवा हडपसरच्या कबड्डी मंडळाला हाच दंडक जसाच्या तसा लावावा काय? तसे करणे अन्यायाचे होईल. त्यांच्याकडे बहुधा संकेतस्थळच नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे फलकाचे छायाचित्र हीच त्यांची जाहिरात. तेथे एवढेच सांगणे पुरेसे आहे की, छायाचित्राखाली तोच मजकूर टंकून पाठवावा आणि चौकशीसाठी एका माणसाचा क्रमांक द्यावा. यापुढे जाऊन महापालिकेच्या क्रीडा विभागाने युनिकोड मराठीतला, सर्वांना वापरता येईल असा एकच नोंदणी-नमुना तयार करून सर्व लहान मंडळांना विनामूल्य द्यावा. प्रत्येक मंडळाने स्वतंत्र खर्च करण्यापेक्षा तो एकदाच सार्वजनिक तिजोरीतून होणे केव्हाही किफायतशीर.

कार्यकर्त्यांना या कामी तज्ज्ञांची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या प्रभागातील अंध विद्यार्थ्याला विनंती करून, त्याच्या शेजारी बसून, जवळच्या महापालिका तलावाचा प्रवेशअर्ज तो स्वतः पूर्ण करू शकतो काय ते पाहावे. कोठे अडले, कोणत्या रकान्याशी, किती वेळ गेला, याची टीप ठेवावी आणि ती क्रीडा विभागाला तारखेनिशी द्यावी. पोच घ्यावी. प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयात द्यावी. ते पुण्यातच आहे. ठेक्याच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव महापालिकेपुढे येईल, त्या दिवशी ही टिपणे सदस्यांच्या हातात असली पाहिजेत.